मालूताईचं केरळ

सुट्टीत कुठं जायचं हे लोक गाड्या पाहून ठरवतात, साहेबानं दिलेल्या रजा पाहून ठरवतात, हल्ली तर मोबाइलवरचे फोटो पाहूनच ठरवतात. आमच्या शेजारची मालूताई भोयर ते कढईत ठरवायची.

नियम तिचा तिनंच केलेला. ज्या गावाला जायचं मनात आलं, त्या गावचा एखादा नावाजलेला पदार्थ आधी घरी करून पाहायचा. जमला, तर जायचं नाही. बिघडला, तर सामान बांधायचं. "जे आपल्याले घरी जमते, त्याच्यासाठी येवढ्या दूर कायले जायचं?" असं ती म्हणायची, आणि तिच्या दृष्टीनं विषय संपलेला असायचा. आता ज्या बाईच्या हातचं काही बिघडतच नाही, तिनंच असा नियम करावा म्हणजे घरच्यांच्या नशिबाला काय म्हणायचं! इंदूर पोह्यांवर गेलं. हैदराबाद बिर्याणीवर गेलं. कोल्हापूर तांबड्या रश्श्यात बुडालं. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर शाळेतून बाद झालेला भारताचा नकाशा होता. जे गाव जमलं त्याच्यावर ती हळदीचं बोट उमटवायची. नकाशा पिवळा होत गेला आणि भोयर मंडळी घाटंजीतच राहिली.

आम्ही दोघींनी एकाच शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. मी गणित, ती भूगोल. घरं भिंतीला भिंत लागून. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मालूताई म्हणायची, आणि ती मला "शोभे". मी तोंडाची फटकळ. आळणी झालं तर आळणी म्हणते, मग समोर माझी सासू का असेना. त्यामुळे रविवारी तिच्याकडे परीक्षा असली की मला बोलावणं यायचंच. तिचा मुलगा पराग, मुलगी वर्षा, मिस्टर भोयर आणि मी, अशी चार जणांची समिती. भोयर भाऊजी पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्यासारखा गरीब माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढ्यात येईल ते जेवायचे आणि म्हणायचे, "चांगलं झालं." खोटं त्यांना बोलताच येत नव्हतं, आणि त्या घरात सगळा घोटाळा त्यानंच व्हायचा.

एकदा मैसूरचं घाटत होतं. पोरांना तिथला राजवाडा पाहायचा होता, वर्गातल्या कुण्या मुलीनं जाऊन येऊन वर्षाला फार जळवलं होतं. पराग तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, वर्षा सात. मालूताईनं मैसूरपाक करायला घेतला. तूप कढत होतं, बेसन फुलत होतं, खमंग वास माझ्या अंगणापर्यंत आला आणि मी मनात म्हटलं, गेलं मैसूर. पण तोंडात टाकला तर काय, नुसतं खारट! मी थुंकूनच टाकला. मालूताईनं एक तुकडा खाल्ला, शांतपणे चावला, आणि पोरांकडे वळली.

"मीठ कोणं टाकलं?"

"मी," पराग म्हणाला.

"मी टाकलं," वर्षा म्हणाली.

"अरे, दोघायनं टाकलं काय?"

"नाई आई, मी एकट्यानंच. हिनं नाई."

"दादा खोटं बोलून राह्यला. मीच टाकलं."

दोघंही रडकुंडीला आलेले, पण एकही मागे हटायला तयार नाही. मला वाटलं आता दोघांनाही बसते एकेक. मालूताई मात्र मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. भाऊजींना म्हणाली, "अहो, बॅगा काढा. एकमेकांपायी मार खायले तयार असलेली लेकरं आहेत आपल्याले. यायले न्याच लागते." कोणी मीठ टाकलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिनंही परत विचारलं नाही.

कोकणात मी स्वतः त्यांच्यासोबत गेले होते. उकडीच्या मोदकांनी दगा दिला होता. इकडच्या तांदळाला ती लवचीक उकडच येईना, सगळे मोदक पातेल्यात फुटले आणि सारण पाण्यात गेलं. पोरं अंगणात नाचली. धामणगावहून गाडी पकडली, मग बस, मग आणखी एक बस. समुद्रकाठच्या एका गावात घरगुती खानावळ होती, तिथं उतरलो. मालक म्हणाला, दोन खोल्या देतो. मालूताई म्हणाली एकच द्या, मोठी.

"मालूताई, जरा पाय पसरायला तर जागा हवी," मी कुरकुरले.

"येगयेगळ्या खोल्यांत झोपायचं तर घरीच राहा न बाप्पा. त्या तर घरीही आहेत."

पोरं समुद्रासाठी तळमळत होती. ही आधी गावच्या बाजारात गेली. देऊळ नाही, समुद्र नाही, आधी बाजार. तिथं मासळीवाल्या बायकांजवळ उकिडवी बसली आणि तिचा तो ठरलेला प्रश्न विचारला. तो प्रश्न ती सगळीकडे विचारायची, मैसूरला तर म्हणे खाणाखुणा करून विचारला होता. "तुमच्याकडं बाळंतिणीले काय खाऊ घालता?"

बायका आधी चमकल्या. मग एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. मग अशा काही बोलायला लागल्या की गिऱ्हाईकं ताटकळली. संध्याकाळी खानावळीच्या मालकिणीलाही तिनं तेच विचारलं, आणि त्या बाईनं हिला थेट स्वयंपाकघरात नेलं. मला नंतर म्हणाली, "हॉटेलात गाव आपले नवे कपडे घालून बसते शोभे. बाळंतिणीच्या ताटात पाह्य, तिथं खरं दिसते." दुसऱ्या दिवशी आम्हाला मेथ्या घातलेली भाताची पेज मिळाली. मला ती काही आवडली नाही, तसं मी सांगितलंही. मालूताईनं दोनदा मागून घेतली. मग आपल्या पिशवीतून त्यांच्या वावरातली तुरीची डाळ काढली, घरचं तिखट काढलं, आणि त्या कोकणी चुलीवर वऱ्हाडी वरण आणि वांग्याची भाजी रांधली. मालकिणीचे सासरे म्हातारे होते. नाकाडोळ्यांतून पाणी गळतंय आणि तिसऱ्यांदा वाढा म्हणतायत! कुणाचं खाल्लं की आपलंही काही त्याच्या ताटात पडलं पाहिजे, हा तिचा दुसरा नियम. पोरांना समुद्र दिसला तेव्हा सूर्य बुडायला आला होता. "समुद्र कुठं पळून जाते काय?" असं तिचं म्हणणं.

असं सगळं होतं. खोटं कशाला बोलू, मला तिचा कधी कधी रागही यायचा. अगं, गावोगावी हिंडायची एवढी हौस आहे तर जा ना सरळ! कशाला त्या कढईची परवानगी? पण मला वाटतं तिला खरी भीती वेगळीच होती. नुसतं पाहून, फोटो काढून परत यायचं तिला नको होतं. जिथं आपल्याला काही येत नाही, कुणाला तरी विचारावं लागतं, अशाच ठिकाणी तिला जायचं असायचं. हे मला फार उशिरा कळलं.

पुढे पोरं शिकली, पराग पुण्याला गेला, वर्षा बंगळुरूला. दोघांचीही लग्नं झाली. भाऊजी निवृत्त झाले, आणि एका रविवारी चहा पिता पिता त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं.

"मले एकदा केरळ पाह्यचं आहे," ते म्हणाले. "पाण्यावर नाव चालून राह्यली अन् आपण सगळे त्याच्यात बसून जेवून राह्यलो. पोरंबी. असं."

मी तिथंच बसले होते. मालूताईनं कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं. "अरे वा! पुढच्या रविवारी पाहू मग."

पुढच्या रविवारी तिनं अप्पम केले. तांदूळ भिजवला, नारळ वाटला, पीठ आंबवलं. लहानशा लोखंडी कढईत पीठ ओतून कढईच गरकन फिरवली. आणि काय सांगू, पहिलाच अप्पम असा उतरला! कडेला जाळी, मध्ये लुसलुशीत. मलाच तोंड आवरलं नाही. मी म्हटलं, "मालूताई, असा तर तिकडंही मिळायचा नाही!" माझ्या या फटकळ जिभेनं त्या दिवशी थोडी तरी कळ सोसायला हवी होती. एकदा, एकदाच खोटं बोलायला काय हरकत होती? भाऊजींनी पाच खाल्ले.

"कसं झालं?" तिनं विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. "चांगलं झालं," म्हणाले.

"झालं तर मग केरळ!" ती आनंदानं म्हणाली आणि हळदीच्या डब्यात बोट बुडवलं. जमलेल्या पदार्थाच्या आनंदात तिला दुसरं काही दिसायचंच नाही. भाऊजी त्या नकाशाकडे थोडा वेळ पाहत राहिले, मग उठून हात धुवायला गेले.

त्यानंतरच्या चैत्रात आठवडी बाजारातून येताना भाऊजी रस्त्यातच कोसळले. यवतमाळला नेईपर्यंतही त्यांनी वाट पाहिली नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती स्वयंपाकघरात खाली बसलेली. नकाशा भिंतीवरून काढून टाकला होता. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "शोभे, एक घाणा बिघडवता नसता आला काय मले? त्या माणसानं जिंदगीत एक गाव मागितलं. एकच. अन् मी त्याले घरात बसवून पीठ खाऊ घातलं." वाह् वाह् करणारी तर मीच होते. आम्ही दोघी त्या दिवशी खूप रडलो, मन भरेपर्यंत रडलो.

त्याच दिवसांत आणखी एक वाईट गोष्ट झाली. आई आता राहणार कुणाकडे, यावरून पराग आणि वर्षाची जुंपली. पराग म्हणाला, पुण्याला. वर्षा म्हणाली, तुझ्याकडे ती दिवसभर एकटी बसेल, तुम्ही दोघं रात्री घरी येता. यात ती वहिनीबद्दल एक वाक्य बोलली, जे बोलायला नको होतं. पराग वर्षाच्या नवऱ्याबद्दल दुसरं बोलला, जे त्याहून बोलायला नको होतं. बापाची राख गार व्हायच्या आत हे सगळं. मला असा संताप आला होता की दोघांच्याही थोबाडीत द्यावी. मालूताई म्हणाली, मी कुठंच येत नाई, मी घाटंजीतच राह्यतो. तरी ती दोघं बोलेनाशी झालीच. मग दिवाळीला पराग यायचा, उन्हाळ्यात वर्षा. राखीला वर्षाचं पाकीट पुण्याला गेलं नाही. मालूताई चिवडा-लाडू दोनदा करायची, एकदा याच्यासाठी, एकदा तिच्यासाठी.

आणि मग तिच्या गालाच्या आत फोड आला. खर्रा नाही, तंबाखू नाही, साधी सुपारी नाही, आणि तिला कॅन्सर. नागपूरला ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. पोरं आळीपाळीनं आली, सेवेत दोघांनीही काही कमी केलं नाही, ते मी नाकारत नाही. पण इतकं मोजूनमापून आली की एक दवाखान्याच्या पायऱ्या उतरायचा तेव्हा दुसरी बसस्टँडवर उतरलेली असायची. आईच्या खाटेजवळ दोघं एकाच वेळी एकदाही उभी राहिली नाहीत. ती पडल्यापडल्या दाराकडे पाहत राहायची.

घरी परतल्यावर महिन्याभरानं तिनं पुन्हा रांधायला घेतलं. भिंतीवरून वाटी आली. आंबाडीची भाजी, आणि मिठाचा पत्ता नाही. मला वाटलं, पथ्य असेल. दोन दिवसांनी झुणका आला तर घशाखाली जाईना इतका खारट. मी वाटी घेऊन तरातरा तिच्याकडे गेले.

"मालूताई, लक्ष कुठं आहे तुझं? हे काय केलंस?"

ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली.

"मले चव नाही शोभे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"काहीच नाही. मीठ नाही, गोड नाही. सकाळी साखर टाकून चहा पिला का बिनसाखरेचा, ते डबा पाहून समजते. डॉक्टर म्हणते येईन हळूहळू. तीन महिने झाले, माती खाल्ली काय अन् पुरणपोळी खाल्ली काय."

मी उभीच राहिले. हातातली वाटी कुठं ठेवावी तेही कळेना. देवा, दुसरं काही न्यायचं होतंस. तिचे पाय न्यायचे होते, डोळे न्यायचे होते. जिभेवर ती बाई जगली.

"पोरांना सांगितलंस?"

"नाई. अन् तूही नाई सांगायचं."

कारण तिच्या मनात एक घाटत होतं. तिला केरळला जायचं होतं, दोन्ही पोरांना घेऊन, एका नावेत. भाऊजींनी मागितलं होतं तसंच. तिनं परागला फोन केला, मग वर्षाला. दोघांना वेगवेगळं सांगितलं की बाबाचं राहिलेलं मला करायचं आहे, आणि तिथलं खायचं आहे, दवाखान्याचं पाणचट खाऊन जीभ विटली माझी. दोघांनी विचारलं, दुसरं येणार आहे का? ती म्हणाली, येणार आहे. दोघांनीही आधी रजेची सबब पुढे केली. पण आजारातून उठलेल्या आईला खाऊ घालायला नाही कोण म्हणेल? "जिभेचं समजलं तर म्हणतीन, आई, मग आता काय उपयोग, पुढच्या वर्षी पाहू," ती मला म्हणाली. "मले पुढचं वर्ष कोणं देल्लं?"

त्या दिवाळीत पराग बायको-मुलाला घेऊन आला तेव्हा मालूताईच्या जिभेचं काम मी केलं. मागच्या दारानं जायचं, परातीआडून चाखायचं. एक बोट दाखवलं की मीठ कमी, दोन बोटं म्हणजे तिखट घाल, मूठ वळली की पुरे. आम्ही दोघी त्या चार दिवसांत चोरांसारख्या हसलो. परागनं भाजी खाल्ली आणि म्हणाला, "आई, तुझा हात तोच आहे गं." तिनं पदरानं कपाळ पुसलं. माझ्याकडे पाहिलंही नाही, नाहीतर मला तिथंच रडू फुटलं असतं.

जानेवारीचं ठरलं. तिकिटं परागनं काढली, राहायचं वर्षानं पाहिलं. त्यासाठी दोघांना एकमेकांना फोन करावेच लागले. प्रत्येक फोननंतर कुणीतरी एक आईला सांगायचं, "तिला म्हण वेळेवर यायला," "त्याला सांग, स्वेटर आणू नको म्हणावं." मालूताई हे सगळं मला येऊन सांगायची, लग्न जमवणाऱ्या बाईसारखी. एक दिवस तर पळतच आली. "शोभे, वर्षानं एकच मोठी खोली घेतली! सगळ्यायच्या गाद्या खाली!"

निघायला दहा दिवस असताना तिच्या मानेवर गाठ आली. मी तिला यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी हात लावला आणि त्यांचा चेहराच पडला. उद्याच्या उद्या नागपूरला भरती व्हा, म्हणाले. परतीच्या बसमध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर वेचणीला आलेला कापूस पाहत होती. मग म्हणाली, "आता तुले एक खोटं बोला लागीन."

तिनं ठरवून टाकलं होतं. पोरांना सांगायचं, गुडघा धरला आहे, प्रवास जमणार नाही. त्यांनी जाऊन यायचं. पोरं परत आल्यावर नागपूर.

"मी बोलणार नाही," मी म्हटलं. "मी आत्ता फोन लावते परागला. जीव जास्त झाला का तुला?"

"लाव. सांग त्याले. दोघं येतीन. एक माझ्या खाटेच्या इकडून बसंन, एक तिकडून. तोंडं दोन दिशेले. पाणी पाजतीन मले, अन् एकमेकायच्या हातून पेला घेणार नाईत. मले तसं नाई मरायचं शोभे." तिनं माझा हात धरला. "त्या माणसाचं मी हुकवलं. हे तर होऊ दे. आठ-दहा दिवस दे मले."

मी दिले. आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. स्वतःला मी रोज म्हणते.

पोरं अडलीच होती. आई नाही तर कशाला जायचं, असं दोघंही म्हणाले. तिनं फोनवर आवाज असा काही खणखणीत काढला की मी पाहतच राहिले. "बाबाचं राह्यलं ते पुरं करून या. एक गेलं अन् एक नाई गेलं, तर मी दोघायलेही दार उघडणार नाई." मग फोन माझ्या हातात दिला. मी सांगितलं, हो रे, गुडघाच आहे, मी आहे ना इथं, तुम्ही निर्धास्त जा. सव्वीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं मी.

पोरं परत आली तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्याच दिवशी नागपूर गाठलं. सतरा दिवस मालूताई तिथं होती, आणि मग गेली. आठ-दहा दिवस आधी आणली असती तर काही झालं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. वर्षानं दवाखान्याच्या व्हरांड्यात मला एवढंच विचारलं, "मावशी, तुम्हाला माहीत होतं?" मी मान हलवली. बहीणभाऊ आता एकमेकांशी बोलतात. राखी जाते, दिवाळीला दोन्ही कुटुंबं एकत्र येतात. माझ्याशी मात्र दोघंही बोलत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. मी तरी बोलले असते का?

मला दवाखान्यातली मालूताई आठवत नाही. मी आठवूही देत नाही. मला आठवतो तो त्यांच्या सहलीचा तिसरा दिवस.

दुपारचे दीड-दोन वाजले होते. ती तिच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती, चेहऱ्याची एक बाजू इतकी सुजलेली की डोळा बारीक झाला होता. तोंड उघडत नव्हतं, मी चमच्यानं ताक देत होते. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर वर्षाचा व्हिडिओ कॉल आला. मालूताईनं घाईनं पदर ओढला आणि हातानं खूण केली, मला दाखवू नको. मी कॅमेऱ्यावर अंगठा दाबून फोन असा धरला की तिला सगळं दिसेल, पण ती कुणाला दिसणार नाही.

"मावशी, आई कुठं आहे?"

"आंघोळीला गेलीय अगं. येईलच."

"आम्ही नावेत आहोत! जेवायला बसलोय, हे बघा." तिनं फोन फिरवला. चहूकडे पाणी, काठानं नारळाची झाडं. खाली सतरंजीवर गोल करून बसलेली सगळी, पुढ्यात केळीची पानं. "आई आली की सांगा हं, मी फोन इथंच ठेवते." तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि जेवायला बसली.

मालूताई पुढे सरकली. सुजलेला चेहरा फोनच्या इतका जवळ आणला की तिचा श्वास काचेवर उमटत होता. परागचा मुलगा काहीतरी सांडत होता, सून ओरडत होती. तळलेला मासा वाढला गेला. परागनं आपल्या पानातला मधला तुकडा उचलला आणि बोलता बोलता, तिकडे न पाहता, वर्षाच्या पानात ठेवला. वर्षानं खाल्ला. तीही बोलतच होती. मालूताईची बोटं माझ्या मांडीत रुतली.

मग कुणाचा तरी धक्का लागला असावा. फोन आडवा झाला आणि नावेचं वेताचं छत तेवढं दिसायला लागलं. कुणी उचलला नाही. विसरले असणार. नुसते आवाज येत होते, हसण्याचे, भांड्यांचे, पाण्याचे. आता काय पाहायचं, म्हणून मी फोन बंद करायला बोट नेलं.

तिनं माझं मनगट धरलं. "राहू दे," ती ओठातल्या ओठात म्हणाली. "जेऊ दे त्यायले."

आम्ही दोघी त्या छताकडे पाहत बसलो.

तिकडून वर्षाचा आवाज आला, "दादा, भात घेतो का अजून?" तीन वर्षांत मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. पराग काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही. इकडं मालूताईनं मात्र त्या छताकडे पाहत मान हलवली, हो, वाढ म्हणून.